आधी कपाट हलवा

“बुरशी धरणार नाही असा रंग सांगा,” म्हणून फोन आला की मी आधी विचारतो, कपाट कुठे आहे? रत्नागिरीत घरं रंगवायची तर रंगाच्या आधी ओल ओळखता यावी लागते. पायथ्याशी पोपडे धरलेत, तर ती जमिनीतून चढतेय. मध्येच पिवळट डाग, तर मागे नळ गळत असणार. पण वरच्या कोपऱ्यात किंवा कपाटाच्या पाठीमागे काळे ठिपके उठले, तर बहुतेकदा खोलीतली कोंडलेली हवाच कारण असते.

शंका असली तर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी मारून भिंतीवर लावतो. दोन दिवसांनी आतून दव दिसलं, तर पाणी भिंतीतलं. बाहेरून दिसलं, तर हवेतलं. भिंतीतलं असेल तर गवंडी किंवा प्लंबर बोलवा. हवेतलं असेल तर कपाट चार बोटं पुढे ओढा आणि पंखा चालू ठेवा. जुलैत बाहेरची हवाही ओलीच, नुसत्या खिडकीने भागत नाही. त्यात लोक खोलीतच दोऱ्या बांधून कपडे वाळवतात!

जुन्या चिऱ्याच्या घरांना चुना असे. ताजा चुना इतका अल्कधर्मी, की बुरशीला तिथे थाराच नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू मवाळ होतो, म्हणून दरवर्षी नवा हात. कोणी त्यात मोरचूदही घालत. सुपारीच्या कोळेरोगावर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातही हेच दोन जिन्नस, त्यामुळे बागायतदाराला फार समजवावं लागत नाही. आता याच भिंतींवर प्लास्टिक पेंट हवा असतो. धुता येतो, मलाही आवडतो. पण ओल आत कोंडते आणि रंगाला पापडासारखे फोड येतात.

बुरशी कोरडी खरवडू नये, बीजाणू घरभर उडतात. तोंडाला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी. ब्लीच घेतलंत तर त्यात संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. पुसल्यावर भिंत पुरती सुकायला हवी, आणि घोडं अडतं ते इथेच. सगळ्यांना रंग हवा गणपतीच्या आधी, म्हणजे ऐन श्रावणात. मी मे महिन्यातच काम उरकून घ्या म्हणतो. श्रावणात बोलावलंत तर पुसून देईन, पण डबा उघडणार नाही.