राघूची चोच

वाईला श्रावणात घाटाकडच्या आळ्यांमधून चालताना ओल्या लाकडाचा वास येतो. आमच्या सोप्यात त्यात ऑइलपेंट आणि वटवाघळं मिसळलेली.

चार सागवानी खांब तळखड्यांवर उभे, वर केळफुलं, मग तुळई. माजघराच्या दारावर गणेशपट्टी, तिच्या दोन्ही अंगांना राघू. उजव्याला चोच नाही. डावा वरून धडधाकट, पण टिचकी मारली की बद्द वाजतो. खाली रोज पिठासारखा भुसा. सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागतो. राघूच्या नशिबी तेच आलं असावं.

थोरला दादा म्हणतो, नवे राघू कोरून घ्या. धाकट्याला अख्खी पट्टीच पुण्याच्या फ्लॅटमध्ये हवी. काकूंची शंका वेगळीच : खंडित गणपतीला हळदकुंकू चालतं का? आता, सोंड कुंकवाच्या थरांखाली केव्हाच बुजलीय. ती खंडित आहे का, हे बघायला कुंकू खरवडावं लागेल, आणि ते काकू करू देत नाहीत.

मी दुरुस्तीच्या विरुद्ध नाही. पुण्याचा विश्रामबाग वाडा १८७९ च्या आगीत काही भाग गमावून बसला. तो पुन्हा उभारला म्हणून निकृष्ट झाला, असं त्याच्या सुरूच्या खांबांपुढे उभं राहून कोण म्हणेल? पण परवा सुतारानं डाव्या राघूच्या पंखावर पटाशी हलकेच चालवली. चॉकलेटी रंग निघाला, खालचा हिरवा निघाला, मग तेलानं काळवंडलेला साग. पिसांच्या बारीक रेघा. त्यातली एक घसरून शेजारच्या पिसावर गेलेली, आणि त्या जुन्या कारागिरानं तिथंच तिला वळवून वेलीचं पान करून टाकलेलं. इतकी वर्षं ही चूक रंगाखाली झाकलेली. नव्या राघूत ती कोण कोरणार?

सुतार मात्र खांबाकडे बघत होता. तळखड्यातून चढलेल्या ओलीनं एका खांबाचा पायथा, कमळाच्या पाकळ्यांसकट, मऊ पडलाय. "राघूवर काही उभं नाही," तो म्हणाला, "याच्यावर माडी आहे."

मग खांबाला टेकू देऊन खालचा वीतभर भाग कापला, नवा साग सांधला. पाकळ्या कोरू नका, साधाच ठेवा, असं मी सांगितलं. राघूला औषध पाजलं, चोच तशीच.

नवा तुकडा फिकट, डोळ्यांत भरतो. दादानं त्यावर मारायला चॉकलेटी ऑइलपेंटचा डबा आणलाय. सध्या तो मी पलंगाखाली सरकवून ठेवलाय.