कळसूची अट

डोंगरावर जाणाऱ्या स्त्रिया आपल्या परंपरेत नाहीत असे नाही. पण त्या जातात कोणासाठी तरी. तुकोबा देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात जाऊन बसत आणि त्यांची भाकरी घेऊन आवली उन्हातान्हात तो डोंगर चढे, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. रायगडाचा कडा रात्री उतरणारी हिरकणी तान्ह्या लेकरासाठी उतरली. पदवीच्या वर्गात मी या दोघींविषयी वीसेक वर्षे बोलत आले आहे. त्यांची थोरवी कमी करण्याचा इथे हेतू नाही. परंतु कोणाचे काही पोचवायचे नाही, कोणी वाट पाहत नाही, अशा स्थितीत केवळ स्वतःच्या मनाने वर गेलेली बाई शोधू लागले की मला एकच आठवते. ती म्हणजे कळसू.

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे हिमालयाच्या हिशेबात टेकडीच. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून त्याची नेहमीची वाट निघते. १८८४ च्या अहमदनगर जिल्हा गॅझेटियरमध्ये या शिखराची दंतकथा नोंदवलेली आहे. रानात भटकण्याची आवड असलेली कळसू नावाची कोळ्याची मुलगी डोंगराच्या पायथ्याशी आली आणि एका कोळ्याच्या घरी कामाला राहिली. तिची अट एवढीच होती की भांडी घासायला आणि केर काढायला सांगायचे नाही. काही काळ सारे सुरळीत चालले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला नेमकी तीच दोन कामे सांगितली. कळसूने ती केली आणि लगेच डोंगर चढून गेली. अखेरपर्यंत ती वरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला तो काळदरा.

गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाने चार-पाच वाक्यांत उरकलेली ही कथा मला अजून पुरलेली नाही. कळसूने नकार दिला, असे लोक सहज बोलून जातात. कथेत तसे नाही. तिने काम केले आहे. भांडण नाही, रडणे नाही, शापही नाही. भांडी स्वच्छ करून ठेवली आणि निघाली. अट मोडल्याचा हिशेब तिने घरमालकाशी केलाच नाही, तो परस्पर डोंगराशी केला. आपल्या नाटकांतल्या नायिकांना घर सोडताना एक लांबलचक स्वगत लागते. कळसूला एक शब्दही लागला नाही.

हे सारे मला कळसूबाईवर जाण्यापूर्वी पाठ होते. माझे घर मुलुंडला. पश्चिमेच्या खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या दिसतात, आणि त्या खिडकीला लागूनच सहा वर्षे सासूबाईंचा पलंग होता. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी चाळिशीत नुकतीच शिरले होते. औषधे, कूस बदलणे, सकाळची बाई न आल्यास पहिल्या तासिकेची अदलाबदल, असा तो क्रम. त्यांचे माझ्यावर प्रेम होते, माझेही त्यांच्यावर होते. त्या गेल्यानंतर पलंग हलवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहण्याइतकी जागा झाली. आता काय करणार, असे शिक्षककक्षात सहकारी विचारीत. राहिलेला प्रबंध पूर्ण कर, असे सांगीत. सल्ला योग्यच होता. पण मला चालायचे होते.

दोन महिने इमारतीचे सात मजले रोज चढले. लिफ्ट बंद आहे का, असे शेजारी काळजीने विचारीत. दिवाळीनंतर एका शनिवारी रात्री माजी विद्यार्थ्यांच्या एका गटाबरोबर ठाण्याहून कसारा लोकल पकडली. कसाऱ्याला उतरून जीपने घाट चढायचा, इगतपुरी, घोटी आणि मग बारी. पोचलो तेव्हा उजाडत होते. खाचरांत भाताची कापणी चालली होती. इथून माथा आठ-नऊशे मीटर वर. मुले म्हणाली, “बाई, आज शिखर सर करायचं!” मराठीत आपण किल्ला सर करतो तसेच शिखरही सर करतो. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, तेव्हाही हाच शब्द सगळीकडे वापरला गेला. आपल्या गिर्यारोहणाची भाषा स्वारीचीच आहे. चढाई, मोहीम, माघार. शब्द जुने आणि रुबाबदार आहेत, त्यांच्याशी माझे वैर नाही. पण त्या सकाळी माझ्या गुडघ्यांना ते लागू पडत नव्हते.

वाटेत कड्यावर लोखंडी शिड्या आहेत. पहिली शिडी मी बोलत बोलत चढले. दुसऱ्या शिडीच्या मध्यावर हात गजाला चिकटले. खाली पाहिले नव्हते, तरीही. मुले पुढे गेली होती. मागे एक बाई उभी होती, साठीच्या आसपासची, डोक्यावर पाण्याचे कॅन आणि लिंबांची पिशवी. तिची सरबताची टपरी वर होती. तिने घाई केली नाही, धीरही दिला नाही. एवढेच म्हणाली, “थांबा की घटकाभर. आई काय कुठं पळून चाललीय का?” मी थांबले. शिडीवर उभी राहून श्वास घेतला. सहा वर्षांत असे कोणी मला थांबा म्हटले नव्हते, आणि मीही स्वतःला म्हटले नव्हते.

वर तिच्या टपरीशी बसले तेव्हा तिने विचारले, “नवस कोणाचा व्हता? पोराचा?”

“नवस नाही.”

“मालकांचं काही दुखणं?”

“नाही. कोणाचंच काही नाही.”

तिने मला जरा न्याहाळले. “मग आपलं उगीच?”

“उगीच,” मी म्हणाले. हा शब्द उच्चारताना मला जे वाटले ते कोणत्या संज्ञेत बसवावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. इतक्या वर्षांत मी ‘उगीच’ काही केले नव्हते. वाचनसुद्धा अभ्यासक्रमाच्या नावाखाली केले. ती मात्र ओझे घेऊन आठवड्यातून कितीदा हा डोंगर चढते ते मी विचारले नाही. पैसे दिले, तिने सुटे मोजून परत केले.

माथ्यावर छोटे देऊळ आहे. आत देवीचा तांदळा, बाहेर सोसाट्याचा वारा. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग, दुसऱ्या बाजूला १९२६ साली बांधून झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी. मुलांनी छायाचित्रे काढली. मी देवळाच्या भिंतीला टेकून बसले. कळसूने इथे दिवस कसे काढले असतील, पाणी कुठून आणले असेल, हे गॅझेटियर सांगत नाही. वर आल्यावर तिचे काय झाले यात कथेला रस नाही. मला तेवढ्याचाच रस होता. मला तर संध्याकाळच्या गाडीने परतायचे होते, सोमवारी पहिली तासिका होती.

उतरताना गुडघ्यांनी सारे वसूल केले. असो. परिवर्तन वगैरे झाले असा माझा दावा नाही. त्या सत्रात हिरकणीवर बोलताना मात्र मी मध्येच थांबले आणि वर्गाला विचारले, की ती कडा चढून आली असती तर तिची कथा कशी झाली असती. वर्ग गप्प राहिला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, कोणी सांगितलीच नसती.” त्यावर बोलता बोलता तासिका संपली.

जानेवारीत रतनगडाचे ठरले. पूर्वी मी घरी ‘जाऊ का?’ असे विचारीत असे. या वेळी दाराशी बूट घालता घालता सांगितले, “मी जाते.” आतून सवयीने उत्तर आले, “जाते काय, येते म्हणावं.” मी नाडी बांधत होते. पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरू लागले.