रूळ ऐकणारी लाईन

साल्दान्या, दक्षिण आफ्रिका, 11 जून

आबा,

काल बंदरावर खनिजाची गाडी आली. 342 वाघिणी, जवळजवळ चार किलोमीटर लांब. सिशेनच्या लोहखाणीपासून इथवर 861 किलोमीटरची एकेरी लाईन आहे, 1976 साली सुरू झालेली आणि केवळ मालाची. एका आसावर 30 टन! मनमाड सेक्शनवर तुम्ही सांभाळलेल्या रुळांना एवढा भार कधी सोसावा लागला नाही. इथे रूळ तुटलेला कळलाच नाही तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. वाटेत कोसच्या कोस वस्ती नाही, कीमनने रोज पायी तपासावी अशी ही लाईनच नव्हे. म्हणून इथल्या रेल्वेने रुळालाच कान लावून ठेवलेत. उद्या लाईनच्या कडेने उत्तरेला निघते.

लँबर्ट्स बे, 13 जून

आबा, आज रूळ ऐकणारी ती यंत्रं जवळून पाहिली. रुळाच्या डोक्याखाली घट्ट बसवलेला लहानसा ठोकळा, त्यातून केबल बाजूच्या पेटीत. ठोकळ्यातला स्फटिक विजेने थरथरतो आणि ते कंपन रुळात सोडतो. सेकंदाला तीसेक हजार कंपनं, म्हणजे माणसाच्या कानाला न ऐकू येणारी. पुढच्या ठाण्यावर दुसरं यंत्र ती टिपतं. टिपली तर रूळ अखंड आहे. ठरल्या वेळी ती आलीच नाहीत, तर मधे कुठेतरी रूळ तुटलाय आणि गाडी थांबवायची.

तुमच्या यूएसएफडीच्या, म्हणजे न ऐकू येणाऱ्या ध्वनीने भेग शोधणाऱ्या ट्रॉलीत सेकंदाला वीस-चाळीस लाख कंपनं असतात. ती बारीक भेग दाखवतात, पण ट्रॉली जिथे असेल तिथलीच. कंपनं संथ केली की रुळाचे पृष्ठभागच त्यांना वाट दाखवतात. ती बाहेर सांडत नाहीत, डोकं, मधला पट्टा आणि तळवा सगळं व्यापून किलोमीटरभर धावतात. पत्र्यात अशा लाटा कशा चालतात याचं गणित होरेस लँब यांनी 1917 साली मांडलं. रुळाचा आकार मात्र पत्र्याइतका साधा नाही. त्यात एकाच वेळी कितीतरी प्रकारच्या लाटा उठतात, प्रत्येकीचा वेग निराळा. त्यातली दूरवर टिकणारी निवडायची आणि नेमकी तीच उठेल असा ठोकळा घडवायचा. खरं कौशल्य इथे आहे. प्रिटोरियाच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय.

बाहेर अटलांटिकचा वारा सुटलाय, लाईन अगदी समुद्रालगत आहे.

कथू, 17 जून

काल रात्री इथे पहिल्यांदा कडाका जाणवला. कलाहारीच्या काठावरचं गाव, इथे जून म्हणजे ऐन हिवाळा. थंडीत रूळ आखडतो, ताण वाढतो आणि कच्च्या वेल्डपाशी तडकतो. निफाड-लासलगावच्या थंडीत तुमची माणसं रात्र रात्र कंदील घेऊन पेट्रोलिंगला चालायची, ती याच भीतीने. त्या माणसांचा विचार इथे सारखा येतो.

पण आबा, रूळ तुटल्याचं कळणं पुरेसं नाही. तो तुटण्याआधी कळायला हवं. त्यासाठी लाट पुढे पोहोचली का एवढंच न पाहता भेगेवरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकावा लागतो. अडचण अशी की दोन रूळ जोडणारा प्रत्येक थर्मिट वेल्डही प्रतिध्वनी देतो, आणि भेग बहुधा वेल्डपाशीच लपते. उपाय म्हणजे तीच जागा महिनोन्‌महिने ऐकत राहायचं आणि कुठला प्रतिध्वनी वाढतोय ते पाहायचं. दिवस-रात्रीच्या तापमानानेही तो बदलतो, तोही हिशेब धरावा लागतो. हे काम अजून पूर्ण झालेलं नाही, पण माझ्या मते यापेक्षा महत्त्वाचं काम दुसरं नाही. कारण तळव्याच्या कडा ट्रॉलीला वरून दिसतच नाहीत. आपल्याकडे तर डब्यांच्या संडासांतून पडणाऱ्या घाणीने वर्षानुवर्षं तळवेच गंजले. संथ लाट तळव्यातूनही जाते.

तुटलेला रूळ ओळखणाऱ्या अशा व्यवस्थेच्या चाचण्या उत्तर भारतातही झाल्या आहेत. तशा चाचण्या आपल्या घाटात आणि दख्खनच्या थंडीतही व्हायला हव्यात.

एक काम करा. तुमच्या जुन्या डायऱ्या काढा. कुठल्या किलोमीटरला, कुठल्या महिन्यात रूळ तुटला आणि भेग डोक्यात होती की तळव्यात, एवढं उतरवून मला पाठवा. वेल्डपासून किती अंतरावर, हेही लिहिलेलं असेल तर नक्की कळवा.

तुमची,
सुमन