शेवटचा आकडा

नव्याने स्वतःची बैठक मांडणारी कारागीर मुलं काट्याबद्दल विचारायला येतात, तेव्हा त्यांची नजर एकाच गोष्टीवर असते: ग्रॅमनंतर तीन आकडे दिसतात की नाही. तसे ते दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या काट्यावरही दिसतात. मी त्यांना सांगतो, दुकानात एक मणी घेऊन जा. तो पाच वेळा ठेवा, पाच वेळा उचला आणि प्रत्येक आकडा कागदावर लिहा. एखाद-दुसऱ्या मिलिग्रॅमचा फरक आला तर काटा चांगला. सात-आठ मिलिग्रॅमचा आला तर तिसऱ्या आकड्याचे पैसे देऊ नका.

ठुशी करणाऱ्याला मिलिग्रॅम टाळून चालत नाही. मणी बारीक, आतून पोकळ. सराफाकडून सोनं वजन करून घ्यायचं, दागिना वजन करून द्यायचा आणि मधली घट ठरलेल्या प्रमाणात बसवायची, यावर आमचं पोट आणि आमची पत दोन्ही उभी. कानशीचा कीस, टाकणखारात अडकलेले कण, पॉलिशला गेलेलं सोनं, कुठे किती गेलं हे त्याच वेळी कळलं तर शोधता येतं. आठवड्याने कळलं तर नुसता वाद होतो.

जुन्या हिशोबात ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. तो तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे गुंज सुमारे १२१.५ मिलिग्रॅमची. (आता बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात.) गुंजेच्या मूठभर बिया काट्यावर एकेक करून ठेवून पाहाव्यात. दिसायला सारख्या, वजनाला नाहीत. मात्र लहान मुलांच्या हाती त्या देऊ नयेत, बी विषारी असतं. अशा बियांवर ज्यांनी सोनं तोललं त्यांच्या हाताशी दोन पारड्यांचा तराजू होता आणि त्याची परीक्षा सोपी होती. माल आणि वजन यांची पारडी अदलाबदल करायची. तरीही दांडी समतोल राहिली तर तराजू खरा. वजन दरवेळी मालाच्या समोर हजर असायचं.

इलेक्ट्रॉनिक काट्याला दुसरं पारडंच नाही. स्वस्त काट्याच्या आत धातूची एक पट्टी असते. भार पडला की ती डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक जाळीचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून आकडा येतो. महागड्या काट्यात विद्युतचुंबकाच्या बळाने पारडं जागच्या जागी धरतात आणि त्यासाठी किती प्रवाह लागला ते मोजतात. तो जास्त स्थिर असतो. पण मोजलं जातं ते दोन्हींत पृथ्वीचं ओढणंच, आणि ते सगळीकडे सारखं नसतं. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच मुंबईत आणला तर १० ग्रॅमचं वजन सुमारे ५ मिलिग्रॅमने कमी दाखवेल. दांडीच्या तराजूला हे बाधत नाही, कारण दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच असते.

म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवावा लागतो आणि त्यासाठी भरवशाचं वजन लागतं. माझ्या मते स्वस्त काटा घेणाऱ्याने इथे हात आखडू नये. काट्याच्या डबीत येणाऱ्या वजनावर बहुधा अचूकतेचा कसलाच वर्ग लिहिलेला नसतो. एम१ वर्गाच्या २० ग्रॅम वजनाला अडीच मिलिग्रॅमपर्यंत इकडेतिकडे असण्याची मुभा आहे, एफ१ वर्गाच्या वजनाला फक्त पाव मिलिग्रॅमची. एम१ने काटा जुळवलात तर ती चूक पुढच्या प्रत्येक तोलण्यात वजनाच्या प्रमाणात उतरू शकते: २० ग्रॅमच्या दागिन्यात अडीच मिलिग्रॅम, एकट्या मण्यात अगदी नगण्य. एफ१चं एकच वजन घ्या, पण दाखल्यासह घ्या.

पुढे जमलं तर मिलिग्रॅमची पट्टीवजनं घ्यावीत. मला ती फार आवडतात. पातळ पत्र्याचे तुकडे, उचलायला सोपं जावं म्हणून एक कडा वर वळवलेली. १, १० आणि १०० मिलिग्रॅमचे त्रिकोणी, २, २० आणि २०० चे चौकोनी, ५, ५० आणि ५०० चे पंचकोनी. आकडा वाचायच्या आधीच आकार सांगतो. बोट लावायचं नाही. कामाचा चिमटाही नको, त्याच्या टोकाला टाकणखार असतो. या वजनांसाठी वेगळा मऊ टोकाचा चिमटा ठेवावा.

छोट्या काट्याची एक खोड याच पट्ट्यांनी पकडता येते. पडद्यावर शून्य असताना काटा स्वतःला शून्यावर धरून ठेवायची खटपट करत असतो. तुम्ही कीस चिमटीने थोडा थोडा टाकत गेलात तर तो त्याला आपलाच हेलकावा समजतो आणि पुसत जातो. पारड्यात सोनं दिसतं, पडद्यावर शून्य. उपाय असा: आधी ५ ग्रॅमचं वजन ठेवा आणि आकडा शून्य करू नका. ५.००० दिसत असताना कीस टाका. ५.०४३ आलं तर कीस ४३ मिलिग्रॅम.

मणी एकसारखे हवेत म्हणून शंभर मणी एकदम तोलले तर काट्याची तीन मिलिग्रॅमची चूक शंभरांत वाटली जाते. त्यातून सरासरी पक्की कळते. त्यातला एखादा मणी जाड पत्र्याचा असला तर तो मात्र एकेकटा तोलूनच सापडतो.

पंखा बंद, काच खाली, काटा भिंतीलगतच्या दगडी फळीवर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गरम मण्याचं मात्र लक्षात राहत नाही. ज्योतीखालून काढलेला मणी लगेच ठेवला तर त्याच्याभोवतीची तापलेली हवा वर चढते आणि पारडं हलकं दाखवते. धुऊन आलेल्या पोकळ मण्यात पाणी राहिलं असेल तर उलट, वजन जास्त भरतं. मणी पूर्ण कोरडा आणि थंड झाला की मगच तोलावा. घाईच्या दिवसांत हे सांभाळणं जड जातं, पण सांभाळतो.

असा छोटा, बिनशिक्क्याचा काटा गिऱ्हाइकासमोर ठेवायचा नाही. देण्याघेण्यासाठी वैधमापन खात्याचा शिक्का असलेला, दरवर्षी तपासून घेतलेला काटाच हवा. त्याच्या पाटीवर ‘डी’ आणि ‘ई’ असे दोन आकडे लिहिलेले असतात. ‘डी’ म्हणजे पडदा किती बारीक दाखवतो, ‘ई’ म्हणजे तपासणीत कोणता टप्पा धरतात. ‘डी’ १ मिलिग्रॅम आणि ‘ई’ १० मिलिग्रॅम असेल तर शेवटच्या आकड्याला तपासणीचा आधार नाही. विकत घेताना आधी ‘ई’ पाहावा.

सराफाच्या काट्यावर आणि माझ्या काट्यावर फरक आला की मी माझं २० ग्रॅमचं वजन डबीतून काढतो आणि ते त्यांच्या पारड्यात ठेवू का, असं विचारतो. बहुतेक जण ठेवू देतात. आम्ही दोघं मिळून तो आकडा वाचतो, आणि घटीचं बोलणं तिथून पुढे सुरू होतं.