कारणे लिहा

मराठीत ‘कारण’ हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. शाळेत उशिरा पोचलेल्या मुलाला मास्तर ‘कारणे सांगू नकोस’ म्हणून दटावतात. तेच मूल दहावीच्या भूगोलाची प्रश्नपत्रिका उघडते तेव्हा त्याला ‘भौगोलिक कारणे लिहा’ अशी आज्ञा होते. पहिल्या ठिकाणी कारण म्हणजे सबब, दुसऱ्या ठिकाणी कारण म्हणजे कार्याच्या मागे उभी असलेली गोष्ट. गेली काही वर्षे मुलांकडून भूगोलाची उजळणी करून घेताना या दोन अर्थांमधले अंतर आम्हांला पुनःपुन्हा मोजावे लागले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना त्यात रस वाटेल, असे वाटते म्हणून हे टिपण.

आम्ही म्हणजे तिघे जण. तिघेही मराठी शिकवतो. भूगोल आमचा विषय नव्हे. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत जानेवारीपासून परीक्षेपर्यंत दर रविवारी सकाळी आम्ही जातो. गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांच्यासाठी मुलांना शिकवण्या मिळतात. भूगोल कुणाच्याच वाट्याला येत नाही, म्हणून तो आमच्याकडे आला. या विषयाचे उरलेपण परीक्षेच्या वेळापत्रकातही दिसते. मार्च २०२० मधल्या दहावीच्या परीक्षेत २३ तारखेचा भूगोलाचा पेपर शेवटचा होता. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला गेला, एप्रिलमध्ये रद्द झाला, आणि इतर विषयांतल्या गुणांच्या सरासरीने भूगोलाचे गुण देण्यात आले. त्या परिस्थितीत दुसरे काही करता येण्याजोगे नव्हते, हे खरेच. पण त्यानंतरच्या मुलांच्या मनात एक समजूत रुजलेली आम्हांला आढळते: भूगोल हा न लिहिताही सुटणारा पेपर आहे.

बालभारतीने २०१८ साली काढलेले दहावीचे भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांचा जोडीने विचार करते. स्थान-विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, पर्यटन असे एकेक अंग घ्यायचे आणि दोन्ही देश शेजारी ठेवून पाहायचे, अशी त्याची मांडणी. तौलनिक साहित्याभ्यासाची सवय असलेल्या माणसाला ती मनापासून आवडावी. मुलांच्या हाती मात्र पुस्तकापेक्षा अपेक्षित प्रश्नांचा संच अधिक असतो, आणि त्यात प्रत्येक कारणाचे तीन मुद्दे छापलेले असतात. तीन गुण, तीन मुद्दे. मुले ते पाठ करतात, आणि पाठ करताना मुद्द्यांमधले सांधे गळून पडतात.

एक उदाहरण देतो. अ‍ॅमेझॉनच्या काठी मॅनॉस हे शहर आहे. तिथे वर्षभर तापमानात फारसा फरक का पडत नाही, हा प्रश्न मुलांच्या ओळखीचा. बहुतेक वह्यांत उत्तर असे: मॅनॉस विषुववृत्ताजवळ आहे, तेथे सूर्यकिरणे लंबरूप पडतात, तेथे तापमान सारखे असते. तीन विधाने, तिन्ही बरोबर, आणि तिन्ही एकमेकांना अनोळखी. आम्ही मराठीची माणसे. त्यामुळे आमची नजर भूगोलाच्या आधी उभयान्वयी अव्ययांवर गेली. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ यांतला एकही शब्द त्या उत्तरात नव्हता. मग उजळणीची आमची रीत ठरली. प्रत्येक विधानानंतर विचारायचे, ‘मग काय होतं?’ मॅनॉस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीन अंशांवर आहे. मग? म्हणून सूर्य तिथे बाराही महिने माथ्यापासून फार दूर जात नाही, आणि दिवस-रात्र जवळजवळ सारखे राहतात. मग? त्यामुळे जमिनीला मिळणारी उष्णता महिन्यामहिन्याला फारशी बदलत नाही. परिणामी हिवाळा असा वेगळा उरतच नाही. चौथ्या रविवारपर्यंत मुले आम्ही विचारण्याआधीच एकमेकांना ‘मग?’ विचारू लागली. पाठांतर त्याने संपले असे नाही, पण विसरलेला मुद्दा आधीच्या मुद्द्यावरून शोधून काढता येतो, हे त्यांना कळले. परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुष्कळ होते.

खरी अडचण आली हवामानाच्या पाठात. ब्राझीलच्या ईशान्येस कमी पावसाचा एक प्रदेश आहे. पुस्तक त्याला ‘अवर्षण चतुष्कोन’ म्हणते. अटलांटिकवरून येणारे बाष्पयुक्त वारे किनाऱ्यालगतच्या उंच कड्यामुळे अडतात, पाऊस तिथेच पडतो आणि पलीकडचा प्रदेश कोरडा राहतो. मुलांनी हे घडाघडा सांगितले. पर्जन्यछाया हा शब्दही त्यांनी बिनचूक उच्चारला. आपण स्वतः पर्जन्यछायेत बसलो आहोत, याची मात्र त्या उच्चारात कुठे खूण नव्हती. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर दहिवडी. तिथे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना थंड होतात, बाष्प तिथे रिते करतात. पूर्वेकडे उतरताना तीच हवा तापते आणि तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते. या मुलांनी हे शब्दांत वाचण्याआधी अंगावर घेतले आहे. २०१८–१९ च्या दुष्काळात आजची दहावीची मुले आठ-नऊ वर्षांची होती आणि त्यांच्यापैकी काही जण जनावरांबरोबर चारा छावणीत राहिलेली.

आम्ही तसे म्हटल्यावर एका मुलीने विचारले, ‘‘सर, आमच्या रानातलं लिवलं तर मार्क पडत्याल का?’’

प्रश्न साधा होता. आमच्या तिघांत त्यावरून परतीच्या वाटेवर बरीच वादावादी झाली. एकाचे म्हणणे, परीक्षक मुद्दे पाहतो. पोरीला भावनेच्या भरात तीन गुणांना मुकवू नये. दुसरीचे म्हणणे, जे अंगाला ठाऊक आहे त्याला उत्तरात जागा नसेल, तर आपण तिला एवढेच शिकवतो की ज्ञान म्हणजे नेहमी दुसऱ्याच्या गावाविषयीचे असते. शेवटी मधली वाट निघाली. कच्च्या वहीत आधी आपल्या गावाची कारणे लिहायची. मग त्याच सांध्यांनी ब्राझीलची. उत्तरपत्रिकेत दुसरी.

कच्च्या वह्यांत जे उतरले ते वाचण्यासारखे होते. एकाने लिहिले होते की ढग पश्चिमेला दिसतात पण इकडे येईपर्यंत पांढरे होतात. धनगरवाड्यातल्या एकाने दिवाळीनंतर मेंढरे घेऊन पश्चिमेकडे जाणारी आणि मृगाच्या सुमारास परतणारी वाट काढली होती. पर्जन्यमानाच्या नकाशावर ती वाट ठेवली असती तर चाऱ्याचा नकाशाच तयार झाला असता. तिसऱ्याने मात्र असे लिहिले: ‘आमचे रान पर्जन्यछायेत आहे, म्हणून माझे वडील गलाईच्या धंद्यात परराज्यात असतात.’ आम्ही नेहमीप्रमाणे वर्गाला विचारले, सांधा बरोबर आहे का? मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘पर आमच्या चुलत्याचं रान बी तिथंच हाय. त्यानं बोर मारलीय. त्यो कुठं गेला नाय.’’

त्या एका ‘पर’ने आमचे काम अवघड केले आणि चांगलेही. तोपर्यंत आम्ही ‘म्हणून’ शिकवत होतो. ‘म्हणून’ची साखळी एकदा सैल सुटली की ती आकाशापासून थेट माणसाच्या नशिबापर्यंत जाते आणि वाटेतल्या कुणालाच जाब विचारत नाही. पाऊस कमी, म्हणून पीक कमी, म्हणून गरिबी, म्हणून स्थलांतर: हे उत्तर गुण मिळवील, पण ते कारण राहिलेले नाही, त्याची सबब झाली आहे. बोअरवेल मारायला पैसे कुणाकडे होते, धरणाचे पाणी कुणाच्या शेतापर्यंत आले, हे प्रश्न त्यात बुडून जातात. गेल्या काही वर्षांत उपसा योजनेने कृष्णेचे पाणी माणच्या काही भागांत पोचू लागले. सह्याद्री जागचा हललेला नाही आणि पर्जन्यछायाही तिथेच आहे.

या ठिकाणी आमचे स्वतःचे शास्त्र उपयोगी पडले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर ती सांगतो, आणि अखेरीस दुष्काळाने वाडी उठते. त्याआधी १९३८ साली ब्राझीलच्या त्याच अवर्षण चतुष्कोनातून आलेल्या ग्रासिलियानो रामोस यांनी ‘व्हीदास सेकास’ लिहिली; तीतले फाबियानोचे कुटुंब अवर्षणातून चालत येते आणि अवर्षणामुळेच पुन्हा चालू लागते. तिथे एक प्रसंग आहे. फाबियानोची बायको बियांनी मोजून मजुरीचा हिशेब करते. मालकाचा हिशेब वेगळा निघतो आणि तो फरक व्याजाचा म्हणून सांगितला जातो. फाबियानोला वाद घालता येत नाही, कारण त्याच्यापाशी शब्द नाहीत. आम्ही ही गोष्ट मुलांना सांगितली आणि विचारले, याची भौगोलिक कारणे लिहाल का? एक मुलगी म्हणाली, ‘‘पाऊस न्हाई त्याचं लिवता येईल. हिशोबाचं कसं लिवायचं?’’

त्या भेदाला इतिहासाचाही आधार आहे. १८७७–७८ साली पॅसिफिक महासागरात तीव्र एल निनो होता. त्याच काळात दख्खनमध्ये १८७६–७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि ब्राझीलच्या ईशान्येत १८७७ ते १८७९ चे महा-अवर्षण. दोन गोलार्धांतल्या दोन पर्जन्यछाया एकाच समुद्राच्या तापण्याने एकदमच करपल्या. इथवर कारण आकाशाचे. पण त्याच वर्षांत हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालूच राहिली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा जिल्ह्याजिल्ह्यातली स्थिती सरकारला लिहून कळवत होती. सभेची ती पत्रे म्हणजे आमच्या दृष्टीने ‘कारणे लिहा’ या प्रश्नाचे उत्तम उत्तर: कुठवर पाऊस जबाबदार आणि कुठून माणूस, याची रेघ त्यांत आखलेली आहे. माणमधला राजेवाडीचा तलाव त्याच दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतला गेला. मुलांनी तो पाहिलेला आहे. तो कारणांच्या साखळीतला एक दुवा आहे, हे मात्र त्यांना नवे होते.

आता उजळणीत आम्ही ‘म्हणून’बरोबर ‘परंतु’चाही सराव घेतो. तीन वाक्ये पेपरासाठी, सांध्यांसह. आणि चौथे वाक्य ‘परंतु’ने सुरू होणारे, कच्च्या वहीसाठी. ‘परंतु अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात वस्ती विरळ असली तरी अवर्षणाने उठलेली माणसे रबराचा चीक गोळा करायला तिथेच गेली.’ ‘परंतु आमच्या तालुक्यात पाऊस कमी असला तरी सगळी घरे सारखी गरीब नाहीत.’ दोन तासांच्या, चाळीस गुणांच्या पेपरात या चौथ्या वाक्याला जागा नाही आणि ते तिथे लिहू नका, असे आम्ही मुलांना स्पष्ट बजावतो. गुण त्यांना हवे आहेत. अकरावीचा प्रवेश त्यावर ठरतो, आणि काहींच्या बाबतीत घरच्यांनी पुढे शिकवायचे की नाही हेही.

चौथे वाक्य कशासाठी, असे आम्हांला शाळेतल्या एका शिक्षकांनी विचारले होते. निकालानंतर ही मुले गाव सोडतील, नाही सोडणार. कधीतरी कुणीतरी त्यांना सांगेल की तुमचे असे आहे कारण तुमचा मुलूखच तसा. त्या वेळी ते वाक्य ऐकून घेऊन त्यांनी ‘परंतु’ म्हणावे, इतकेच आम्हांला हवे आहे.