दर्याला अडवणारी फळी

जत तालुक्यातून आलेल्या माणसाच्या डोक्यात सीमा म्हणजे कर्नाटकची हद्द, आणि पलीकडचे पाणी इकडे येईल का याची वर्षानुवर्षांची वाट. २०२२च्या अखेरीस कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी हद्द ओलांडून आमच्याकडे आले, तर त्यावरूनच राजकारण पेटले! नवी मुंबईच्या खाडीकाठी सीमा आहे ती खाऱ्या आणि गोड्या पाण्याची. इथला शेतकरी पाणी मागत नाही, परत पाठवतो.

उरणकडच्या खारभूमीत बांधावरून उघाडी पाहिली आणि पाय तिथेच खिळले. चौकटीत वरून टांगलेली एक लाकडी फळी. भरतीला खाडी तिला बाहेरून दाबते, ती घट्ट मिटते. ओहोटीला शेतात साचलेले पावसाचे पाणी आतून रेटते, ती उघडते. ना इंजिन, ना वीज. “पानी भायेर गेला पायजे, दर्या आत आला नाय पायजे,” सोबतचा आगरी शेतकरी म्हणाला. पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुतले गेले की मगच इथे भात. पण उधाणात बांधाला खांड पडली, तर ते मीठ पुन्हा धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात.

हा भातही अजब. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने इथल्या जुन्या भुरा राता भाताच्या निवडीचा फिलिपिन्सच्या आयआर-८ वाणाशी संकर करून पनवेल-१ हे खार सोसणारे वाण काढले. पाण्यावर धोरण लिहिणाऱ्या अभ्यासकांनी अशा शिवारात एक पावसाळा तरी काढावा, असे मला मनापासून वाटते.

कारण खरा धक्का पुढे, नवी मुंबई शहरात बसला. १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभारले. भरतीच्या पातळीखालचे भाग कोरडे राहावेत म्हणून धारण तलाव खोदले, त्यांच्या तोंडाशी खाडीकडे उघडणारी झडपेची दारे बसवली. भरतीला बंद, ओहोटीला उघडी. याला सगळे डच पद्धत म्हणतात. हॉलंडचे श्रेय त्यांना मिळावेच. पण ज्यांची शेते या शहराखाली गेली, त्यांच्या बांधावर हीच युक्ती होती, हे कुणी सांगत नाही. आता त्या तलावांत गाळ साचलाय, गाळात कांदळवन वाढलेय, आणि कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढणेही अवघड. शेतात मात्र उघाडीसमोरचा गाळ दरवर्षी पावसाआधी काढला जायचा, गावकीच्या हातांनी.