फेरफार नंबर किती?

चेंजलॉग म्हणजे काय, असं होस्टेलच्या मेसमध्ये कुणी विचारलं तर मी आता सरळ सांगते : सॉफ्टवेअरचा फेरफार. सिव्हिल असो की मेकॅनिकल, ज्याच्या घरी दोन एकर धान आहे त्याला लगेच कळतं. कॉम्प्युटर ब्रँचच्या पोरांनाच जरा वेळ लागतो!

खरं म्हणजे मला स्वतःला हा शब्द उशिराच भेटला. मी कॉन्व्हेंटची. मराठी म्हणजे आमच्याकडे एक पेपर, तोही निबंध पाठ करून काढायचा. ‘फेरफार’ मी पहिल्यांदा ऐकला तो पवनी तालुक्यात मामाच्या घरी, मागच्या उन्हाळ्यात. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, आणि त्यानंतर आबाजींच्या शेताचा एक तुकडा प्रकल्पात गेला. मामेभावाला प्रकल्पग्रस्ताचं प्रमाणपत्र हवं होतं, कारण सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. आणि घरात सापडला तो ताजा सातबारा. त्यात उरलेली जमीन होती. गेलेली जमीन नव्हतीच! कागद खोटा नव्हता, पण आमच्या कामाचा नव्हता.

मामा म्हणाला, “सातबाऱ्यावर का पाहतेस बाई, फेरफार काढा लागते.”

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांना हे माहीत असेल, पण माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी सांगते. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. आज जमीन कुणाच्या नावावर, किती, त्यात पीक काय, हे त्यात असतं. पण ती तशी कशामुळे झाली, ते गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. प्रत्येक नोंदीला नंबर. काय हक्क बदलला, कोणत्या गटावर परिणाम झाला, तपासून सही कुणी केली, असे रकाने. तलाठी (आता त्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच) नोंद घेतो, चावडीवर नोटीस लावतो, संबंधितांना कळवतो, आणि हरकतीसाठी पंधरा दिवस देतो. हरकत आलीच तर तिच्यासाठी वेगळी वही आहे, ६-अ. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तो नंबर सातबाऱ्यावर चढतो. हाताने लिहायच्या काळात जुनं नाव खोडून काळं करत नसत, त्याला कंस करत. वाचता आलं पाहिजे ना! आणि नोंदीत चूक निघाली तरी जुनं पान फाडायचं नाही. दुरुस्तीचा आदेश होतो, त्याचा नवा फेरफार पडतो.

आमच्या सातबाऱ्याच्या तळाशी ‘जुने फेरफार क्र.’ म्हणून आकड्यांची एक ओळ होती. त्यातल्या एका आकड्याच्या नकलेत संपादनाची नोंद सापडली. आबाजींचं नाव, गट नंबर, क्षेत्र. मामीने तो कागद देवापुढे ठेवला होता, हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

आता सॉफ्टवेअरकडे. आमच्या सीनिअर्सनी एक छोटा ओपन सोर्स प्रोजेक्ट सुरू केला होता. ‘कृतिदेव’, ‘शिवाजी’ अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी फाइली युनिकोडमध्ये बदलून द्यायच्या. वापरणारे म्हणजे शाळा, पतसंस्था, एखाददुसरा छापखाना. मी त्यात आले तेव्हा सीनिअर्स पास होऊन पुण्या-बंगळुरूला गेले होते, आणि आल्याच्या आठवड्यात लाखनी तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. त्यांच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव होता आणि माजी विद्यार्थ्यांची यादी तेच सांभाळत होते.

“बेटा, तुमच्या सॉफ्टवेअरनं माजे सात वकील खाल्ले. का बदलवलं तुमी, ते कुठं लिवलं आहे का?”

त्यांनी यादीत ‘ॲड.’ शोधलं होतं. अकरापैकी चारच सापडले, आणि निमंत्रणं चौघांनाच गेली. वकिलांनाच वगळलं! त्यातला एक जण म्हणे शाळेच्या जागेची केस फुकट लढला होता.

कारण मजेशीर आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरला एक अक्षर वेगळं आणि दोन अक्षरं वेगळी. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही ती एक होत नाहीत. आमचं सॉफ्टवेअर आधी जोडाक्षरी ‘अ’+चंद्र देत होतं, मग कुणीतरी योग्य तो ‘ॲ’ आणला. बदल बरोबरच होता, युनिकोडचं पुस्तकही तेच सांगतं. पण गुरुजींची अर्धी यादी जुन्या आवृत्तीतून निघालेली, अर्धी नव्या. आणि त्या रिलीजखाली लिहिलं होतं काय? ‘किरकोळ दुरुस्त्या’. बस्स.

गिटमध्ये सगळा इतिहास असतो, मग वेगळा चेंजलॉग कशाला, असं आमच्या टीममध्येही एकाने विचारलं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं, तेव्हापासून कोणती ओळ कुणी कधी बदलली हे दोन सेकंदांत निघतं हे खरंच. मला तो बदल गिटमध्ये सापडलाही. कमिटचा मेसेज होता ‘मॅपिंग फिक्स’. गुरुजींना यातून काय कळणार? कमिट कोड लिहिणाऱ्यासाठी असतो, चेंजलॉग वापरणाऱ्यासाठी. डेबियनवाले तर प्रत्येक पॅकेजसोबत चेंजलॉगची फाइल सक्तीने ठेवतात.

मग हे काम मी माझ्याकडे घेतलं. ‘कीप अ चेंजलॉग’ नावाचा एक साधा नमुना आहे, ऑलिव्हिए लकां यांनी २०१४ मध्ये मांडलेला. सगळ्यात नवी आवृत्ती वर, प्रत्येकीला तारीख, आणि सहा मथळे. आमचे वापरणारे मराठी वाचणारे, म्हणून मथळे मराठीत करायचे ठरले. नवीन, बदललं, काढलं, दुरुस्त केलं, सुरक्षा... पाच पटकन झाले. अडलं ‘डेप्रिकेटेड’पाशी. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीला अर्थ माहीत, पण मराठीत सांगता येईना! शब्दकोशातला अर्थ ऐकून रूममेट हसत सुटली. शेवटी मेसच्या काउंटरवर उत्तर मिळालं. २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा एका रात्रीत गेल्या, ते ‘काढलं’. २०२३ मध्ये दोन हजारची नोट मागे घेतली, पण ती वैध राहिली, बदलायला वेळ दिला, ते ‘डेप्रिकेटेड’. आम्ही मथळा केला : ‘पुढे बंद होणार’.

जुन्या ‘किरकोळ दुरुस्त्या’ पुसून तिथे नीट मजकूर लिहावा, असं दोघांचं मत होतं. मी नाही म्हटलं. ती ओळ आहे तशी आहे. पुढच्या आवृत्तीत ‘बदललं’खाली गेलं : ‘१.४.२ पासून “ॲ” हे एकच अक्षर वापरलं जातं. त्याआधी बदललेल्या फाइलींत ते दोन अक्षरांचं आहे, त्यामुळे शोधताना सापडणार नाही. जुनी फाइल दुरुस्त करायची सोय दिली आहे.’ हे तीन वाक्यांत बसवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. मराठीच्या पेपरला एवढा वेळ कधी दिला नव्हता.

गुरुजींनी ती सोय चालवली, अकरा वकील मिळाले. उरलेल्या सातांकडे ते स्वतः निमंत्रण घेऊन गेले.

सध्या फाइलच्या वरच्या भागात, जिथे रिलीज न झालेले बदल ठेवतो तिथे, चार ओळी आहेत. तीन ठरल्यात. चौथी ‘ऱ्य’बद्दल आहे आणि तिच्यावर गुरुजींची हरकत आलीय, उदाहरणांची वहीच पाठवतो म्हणालेत. परीक्षेनंतर रिलीज करायचा विचार होता, पण वही येईपर्यंत ती ओळ तिथेच राहील.